वायफाय स्कॅनर आंधळा का होतो, आणि मॅक पत्ता बहुरूपी का होतो

नागपूरच्या नंदनवनातल्या एका अभ्यासिकेचं वायफाय मी बघतो. ओळखीतलं काम आहे, पैसे मिळत नाहीत, तर्री-पोहे मिळतात. साठ खुर्च्या, पुढच्या खोलीत राउटर, मागच्या खोलीत त्याचा सिग्नल पुढे पोचवणारा रिपीटर आणि अभ्यासिका चालवणाऱ्या काकांकडे एक रजिस्टर. महिन्याची फी भरली की त्या मुलाच्या मोबाइलचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या वायफायचा ओळखक्रमांक, आधी रजिस्टरात आणि मग राउटरच्या परवानगी यादीत जायचा. एप्रिलमध्ये काकांचा फोन आला. "भाऊ, अर्ध्या पोरांचं नेट चालून नाही राहिलं. आन् तुमच्या त्या स्कॅनरच्या ॲपमध्ये आपलं वायफायच दिसून नाही राहिलं."

एका दमात सांगितलेल्या या दोन तक्रारी वेगळ्या होत्या. स्कॅनरला, म्हणजे आसपासची वायफाय नेटवर्क शोधून दाखवणाऱ्या ॲपला, नेटवर्क न दिसणं ही रेडिओ, ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) आणि परवानग्यांची गोष्ट आहे. यादीतल्या मुलाला राउटरने दार न उघडणं ही पत्त्याची गोष्ट आहे. दोन्हींचा गुंता एकत्र सोडवायला बसलात की दिवस जातो, म्हणून आधी स्कॅन घेऊ आणि मग पत्ता. पुढे आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाकताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाकायच्या. आणि हे सगळं आपल्या किंवा ज्याने आपल्याला बोलावलंय त्याच्या नेटवर्कवरच करायचं.

स्कॅन करताना कार्ड काय करतं

राउटर साधारण दर १०२.४ मिलिसेकंदांनी ‘मी इथे आहे’ अशी हाळी देतो. तिला बीकन म्हणतात. फोन-लॅपटॉपमधलं वायफाय कार्ड एकेका चॅनेलवर (वायफायच्या पट्ट्यातल्या एकेका ठरलेल्या तुकड्यावर) थोडा वेळ थांबून ती ऐकतं. हे झालं पॅसिव्ह स्कॅन. नाहीतर स्वतःच ‘कोणी आहे का?’ असं विचारतं. ते ॲक्टिव्ह स्कॅन. कार्ड घाईत चॅनेल सोडून पुढे गेलं तर समोरचा राउटरही एखाद्या फेरीत निसटतो. म्हणून एका स्कॅनवर कधीच निकाल देऊ नका. तीन-चार फेऱ्या करा, मधे अर्धा मिनिट जाऊ द्या आणि सलग गायब राहील त्यालाच गायब म्हणा.

यादीत नाव नसलेली ओळ दिसली तर घाबरायचं कारण नाही. राउटरमध्ये ‘नाव लपवा’ केलं तरी बीकन जातोच, फक्त नावाची जागा रिकामी असते. लपवल्याने सुरक्षितता वाढत नाही, जोडताना कटकट मात्र वाढते.

मोबाइलवर यादी रिकामी किंवा थिजलेली

काकांची दुसरी तक्रार इथेच मिटली. अँड्रॉइडवर वायफाय स्कॅनचा निकाल ॲपला मिळायला दोन गोष्टी लागतात: ॲपला लोकेशनची परवानगी आणि फोनचं लोकेशन प्रत्यक्ष चालू असणं. आजूबाजूच्या राउटरांवरून माणूस कुठे आहे ते कळतं, म्हणून ही अट आहे. काकांनी बॅटरी वाचवायला लोकेशन बंद ठेवलं होतं. अँड्रॉइड १२ पासून परवानगी देताना ‘अंदाजे’ आणि ‘अचूक’ असे दोन पर्याय येतात. ‘अंदाजे’ निवडलं तरी यादी रिकामीच राहते. ॲप पुन्हा टाकण्याआधी एवढं बघा.

दुसरा प्रकार फसवा आहे. यादी येते, पण फोन घेऊन तुम्ही मागच्या खोलीत गेलात तरी सिग्नलचे आकडे जागचे हलत नाहीत. अँड्रॉइड ९ पासून समोर उघडं असलेलं ॲपसुद्धा दोन मिनिटांत चारच वेळा स्कॅन मागू शकतं. त्यापुढे त्याला जुनाच निकाल मिळतो. मी एकदा याच शिळ्या आकड्यांवर विसंबून राउटरची जागा बदलली होती. भिंतीतली भोकं अजून आहेत. अँड्रॉइड १० पासून डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘वायफाय स्कॅन थ्रॉटलिंग’ नावाचं बटण आहे. मोजमापापुरतं ते बंद करा, काम झालं की परत चालू करा.

आयफोनवर बाहेरच्या ॲपला आसपासच्या वायफायची यादी मिळतच नाही. ॲपलचंच एअरपोर्ट युटिलिटी घ्या आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या पानावर वायफाय स्कॅनर चालू करा.

विंडोज आणि मॅक

विंडोजमध्ये ‘नेटश’ची वायफाय यादी दाखवणारी आज्ञा उपयोगी आहे, तिच्या शेवटी ‘मोड=बीएसएसआयडी’ जोडलं की प्रत्येक नावाखालचे वेगवेगळे पत्तेही दिसतात. पण लॅपटॉप आधीच जोडलेला असेल तर कित्येकदा एकच नेटवर्क दिसतं, कारण ही आज्ञा नवं स्कॅन करत नाही, साठवलेली यादी दाखवते. खालच्या पट्टीतलं वायफायचं चिन्ह उघडून पूर्ण यादी येऊ द्या आणि मग आज्ञा पुन्हा चालवा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून इथेही लोकेशन चालू लागतं, नाहीतर परवानगी नाकारल्याचा संदेश येतो.

विंडोज सिग्नल टक्क्यांत दाखवतं आणि बाकीची साधनं उणे डीबीएममध्ये (सिग्नलचा जोर मोजायचं एकक), त्यामुळे दोघांत तुलना करताना गोंधळ होतो. ढोबळ हिशेब असा: टक्क्यांचं निम्मं करा आणि त्यातून १०० वजा करा. ६० टक्के म्हणजे उणे ७०. उणे ६७ च्या आसपास व्हिडिओ तासिका नीट चालते. उणे ८० च्या खाली नाव दिसतं, पण काम होत नाही.

ॲपलच्या मॅक संगणकावर ऑप्शन कळ दाबून वायफाय चिन्हावर टिचकी मारली की जोडलेल्या राउटरचा चॅनेल आणि सिग्नल दिसतो. वरच्या साध्या कामांना तेवढं पुरतं.

लिनक्स, आणि शंभर रुपयांचे डोंगल

इथे जास्त वेळ देऊ, कारण ‘स्कॅन होत नाही’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मशिनी बहुतेक याच असतात. लिनक्सचा एक गुण म्हणजे ‘आयडब्ल्यू’ने स्कॅन करताना चूक झाली की तो आकडा सांगतो. तो आकडा वाचा.

उणे १ म्हणजे परवानगी नाही, आज्ञेआधी ‘सुडो’ लावा. ‘आयडब्ल्यूलिस्ट’ हे जुनं साधन मात्र सुडो नसताना चूक न दाखवता फक्त जोडलेलं एकच नेटवर्क दाखवून मोकळं होतं, त्यामुळे माणूस हवेत दोष शोधत बसतो. उणे १०० म्हणजे इंटरफेस (लिनक्सला दिसणारं वायफाय कार्ड) बंद आहे. ‘आयपी लिंक’ने तो वर आणा. वर येत नसेल तर ‘आरएफकिल लिस्ट’ चालवा. सॉफ्ट ब्लॉक असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक’ने सुटतो. हार्ड ब्लॉक असेल तर लॅपटॉपच्या कडेची कळ किंवा फंक्शन बटण शोधा, आज्ञेने तो सुटणार नाही. उणे १६ म्हणजे कार्ड व्यस्त: त्याच वेळी लिनक्समधल्या जोडण्या सांभाळणारा नेटवर्क मॅनेजर स्वतःचं स्कॅन करतोय. पाच सेकंद थांबून पुन्हा करा, किंवा ‘स्कॅन डंप’ने त्याचाच निकाल वाचा. उणे ९५ आला तर ड्रायव्हरला ते काम येतच नाही. तिथे डोकं न फोडता ड्रायव्हर किंवा डोंगल बदला.

आता डोंगल, म्हणजे यूएसबीत लावायचं छोटं वायफाय कार्ड. लावल्यावर वायफायऐवजी सीडी ड्राइव्ह दिसला तर डोंगल बिघडलेला नाही. विंडोजसाठीचा ड्रायव्हर पोटात घेऊन ते आधी सीडी म्हणून उभं राहतं. ‘यूएसबी मोडस्विच’ टाकलं की खऱ्या रूपात येतं. चकाकत्या नॅनो डोंगलपैकी बरेच फक्त २.४ गिगाहर्ट्झचे असतात, त्यांना ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क या जन्मी दिसणार नाही. आणि निळ्या यूएसबी ३ पोर्टमध्ये, हार्ड डिस्कच्या शेजारी डोंगल लावलं असेल तर ते काढा. यूएसबी ३ चा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. जुन्या पोर्टमध्ये किंवा हातभर एक्स्टेंशन वायरवर तेच डोंगल लावून स्कॅन करा. दुप्पट नेटवर्क दिसलेली मी पाहिली आहेत.

सगळ्यात छळणारी तऱ्हा अशी: यादी दिसते, पासवर्ड बरोबर आहे, पण जोडणी होत नाही, किंवा यादी येते आणि दर थोड्या वेळाने पुसली जाते. इथे स्कॅन आणि पत्ता हे दोन विषय एकमेकांना भिडतात. माग लागू नये म्हणून नेटवर्क मॅनेजर स्कॅन करताना कार्डाचा मॅक पत्ता बदलून खोटा लावतो. काही यूएसबी ड्रायव्हरना ही अदलाबदल झेपत नाही. तपासायला जोडणी तोडा आणि ‘आयपी लिंक’ काही मिनिटांच्या अंतराने दोनदा चालवा. पत्ता बदललेला दिसला, शेजारी ‘पर्मॲडर’ (मूळ पत्ता) म्हणून दुसराच पत्ता दिसला, तर हाच प्रकार आहे. उपाय: नेटवर्क मॅनेजरच्या ‘कॉन्फ’ टिंब ‘डी’ फोल्डरमध्ये एक छोटी फाइल करा, त्यात चौकटी कंसात ‘डिव्हाइस’ आणि खालच्या ओळीत ‘वायफाय’ टिंब ‘स्कॅन-रँड-मॅक-ॲड्रेस’, मग = चिन्ह आणि ‘नो’. सेवा पुन्हा सुरू करा, डोंगल काढून लावा.

यूएसबी वायफायचं नाव ‘डब्ल्यूएलएक्स’ने सुरू होऊन पुढे बारा आकडे-अक्षरं आली तर दचकू नका. तो पत्ताच नावात घातलाय. तीन अक्षरं अधिक बारा म्हणजे पंधरा, आणि लिनक्समध्ये इंटरफेसचं नाव तेवढंच लांब असू शकतं. कुठल्या स्क्रिप्टमध्ये ‘डब्ल्यूलॅन शून्य’ ठोकून लिहिलं असेल तर ती इथे आपटते.

बाकी सगळी दिसतात, आपलंच दिसत नाही

राउटरच्या पानावर जाऊन चॅनेल बघा. भारतात २.४ गिगाहर्ट्झवर १ ते १३ चॅनेल चालतात, अमेरिकेत बहुतेक उपकरणं ११ वर थांबतात. राउटर ‘ऑटो’वर आहे, त्याने मोकळा म्हणून १३ पकडला आणि कोणाचा लॅपटॉप अमेरिकन रीजनचा आहे, तर त्या लॅपटॉपपुरतं तुमचं वायफाय अस्तित्वातच नाही. शेजारच्याच्या फोनवर मात्र फुल दांड्या! राउटरला १, ६ किंवा ११ यांपैकी एकावर बांधून टाका. लिनक्समध्ये ‘आयडब्ल्यू रेग गेट’ने कार्ड स्वतःला कुठल्या देशात समजतंय ते कळतं. ००‌ दिसलं तर १२-१३ वर आणि ५ गिगाहर्ट्झवर ते नुसतं ऐकतं, विचारत नाही. ‘रेग सेट’ने भारताची दोन अक्षरं द्या (ही मात्र कॅपिटल), इंटेलची काही कार्डं आपला देश स्वतःच ठरवतात, ती ऐकणार नाहीत.

५ गिगाहर्ट्झचं वेगळं. ५२ ते १४४ हे चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेले आहेत, म्हणून राउटरला तिथे बोलण्याआधी किमान ६० सेकंद कान देऊन रडार नाही ना हे बघावं लागतं. लाइट जाऊन आली, इन्व्हर्टर नव्हता, आणि ‘५जी’वालं नाव मिनिटभर दिसलं नाही, तर राउटर जळलेला नसतो. थांबा, किंवा ३६ ते ४८ यांवर ठेवा. शिवाय २०१८ मध्ये भारतात ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा परवानामुक्त झाला. त्याआधीच्या नियमयादीवर अडकलेलं जुनं कार्ड मधले चॅनेल शोधायलाच जात नाही.

नवा वायफाय ६ राउटर आणल्यावर एखाद्या जुन्या लॅपटॉपलाच तो दिसेनासा झाला तर इंटेल कार्डाचा ड्रायव्हर अद्ययावत करा. जुने ड्रायव्हर नव्या प्रकारचा बीकन ओळखत नाहीत आणि नाव गाळतात.

आणि नागपूरचं खास कारण: कूलर. अभ्यासिकेतला राउटर पावसाळ्यात बसवला होता, तेव्हा झकास चालला. एप्रिलमध्ये दोन खोल्यांच्या मधल्या खिडकीत पत्र्याचा मोठा कूलर आला. पत्रा रेडिओलहरी परतवतो, टाकीतलं पाणी आणि भिजलेल्या ताट्या त्या पितात. मी कूलरच्या अलीकडे आणि पलीकडे मोजलं, तर उणे ५८ चे उणे ७९ झाले होते. ४५ अंशांत कूलर हलवा असं कोण म्हणणार? राउटरच वर, कूलरच्या माथ्यावरून दिसेल असा टांगला. आपल्याकडे वायफायची मोजणी एकदा मे महिन्यात केलीच पाहिजे.

आता पत्ता

मॅक पत्ता म्हणजे ४८ बिट, सोळाच्या पायावर लिहिलेल्या सहा जोड्या. पहिल्या तीन जोड्यांवरून कारखाना ओळखता येतो, असं आपण शिकलो. ते आता अर्धंच लागू आहे. अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफाय नावासाठी वेगळा, बनवलेला पत्ता वापरतात.

बनवलेला पत्ता ओळखायची खूण सोपी आहे. पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर बघा. २, ६, ए किंवा ई असेल तर पत्ता कारखान्यातला नाही, उपकरणाने स्वतः ठरवलेला आहे. उदाहरणार्थ ३२:८४:०१:१७:५५:९०. पहिली जोडी ३२. तिचं दुसरं अक्षर २, बिटांत ००१०. उजवीकडून दुसरा बिट १ आहे, म्हणजे ‘स्थानिक’ पत्ता. सगळ्यात उजवीकडचा बिट १ असेल, म्हणजे दुसरं अक्षर विषम असेल, तर तो समूहाचा पत्ता. एकट्या उपकरणाचा असा पत्ता असूच शकत नाही. रजिस्टरात असा दिसला तर लिहिताना चूक झालीय. काकांच्या रजिस्टरात असे चार निघाले. हाताने लिहिताना आठाचा बी आणि शून्याचा डी होतो. आणि ‘ओ’ हे अक्षर या पत्त्यात येतच नाही. जिथे ओ वाटेल तिथे शून्य.

त्या रजिस्टरातल्या सात मुलांचा पत्ता एकच होता: ०२:००:००:००:००:००. काका म्हणाले, "हे सातही जण एकच फोन वापरून राहिले का?" नाही. हा पत्ता अँड्रॉइड ६ पासून आणि आयओएस ७ पासून ॲपला खरा पत्ता नाकारताना फोन पुढे करतो. मुलांनी कुठल्यातरी ॲपमधून बघून लिहून दिला होता. पत्ता नेहमी फोनच्या सेटिंग्जमध्ये, त्या विशिष्ट वायफायच्या तपशिलात जाऊन बघायचा. ‘फोनविषयी’ या पानावर दिसतो तो कारखान्यातला, आणि राउटरला तो दिसेलच असं नाही.

घरात कोणकोण जोडलंय ते दाखवणारी मोबाइल ॲप अलीकडे आयपी (राउटरने उपकरणाला दिलेला तात्पुरता नंबर) दाखवतात पण मॅक पत्ता दाखवत नाहीत. कुठल्या आयपीचा मॅक पत्ता कोणता हे सांगणाऱ्या तक्त्याला ‘एआरपी’ म्हणतात, आणि अँड्रॉइड १० पासून ॲपला तो वाचता येत नाही. लॅपटॉपवरून ‘एआरपी’ बघा किंवा सरळ राउटरच्या पानावरची यादी वाचा.

पत्ते जुळवताना लिहिण्याच्या तऱ्हाही आड येतात. विंडोज जोडरेषा घालतं, लिनक्स अपूर्णविराम घालतं, मोठे स्विच चार-चार अक्षरांनंतर टिंब देतात आणि मॅक संगणकाचं ‘एआरपी’ जोडीतलं आघाडीचं शून्यच खातं: ०४ चं नुसतं ४. काकांच्या मुलीने रजिस्टर एक्सेलमध्ये घेतलं, तर चिन्हाविना लिहिलेल्या, शून्याने सुरू होणाऱ्या, नुसत्या आकड्यांच्या पत्त्यांची शून्यं उडाली. रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा, मग पत्ते भरा.

एकाच मुलाचे तीन पत्ते का? मोबाइलने मुख्य नावाला एक आणि ‘५जी’ नावाला दुसरा पत्ता वापरला, आणि लॅपटॉपचा तिसरा. आयफोनवर आयओएस १८ पासून खासगी पत्ता ‘फिक्स्ड’ किंवा ‘रोटेटिंग’ ठेवता येतो. रोटेटिंग असेल तर तो काही काळाने बदलत राहतो. राउटरचंही तसंच. २.४ चा, ५ चा, पाहुण्यांच्या नेटवर्कचा आणि केबलकडच्या बाजूचा असे त्याचे वेगळे पत्ते असतात, खालच्या स्टिकरवर बहुधा एकच. स्कॅनमध्ये आपल्या पत्त्याशी एका जोडीचाच फरक असलेलं अनोळखी नेटवर्क दिसलं, तर चोर शोधण्याआधी आपलं पाहुणे-नेटवर्क बंद करून बघा.

मागच्या खोलीतला रिपीटर तर वेगळंच नाटक करतो. बरेच रिपीटर मागच्या सगळ्या फोनांचे पत्ते बदलून राउटरला आपला किंवा अर्धा आपला पत्ता दाखवतात. त्यामुळे राउटरच्या यादीत एका पत्त्यावर दहा आयपी दिसतात. हल्ला वगैरे नाही. पण परवानगी यादी असेल तर रिपीटरमागची सगळी पोरं एकतर आत, नाहीतर बाहेर. अर्ध्या पोरांचं नेट बंद होण्याचं हे अर्धं कारण होतं. उरलेलं अर्धं म्हणजे बदललेले पत्ते.

कारखाना शोधून देणाऱ्या तक्त्यावर फार विसंबू नका. तो चिप बनवणाऱ्याचं किंवा जोडणाऱ्याचं नाव सांगतो, डब्यावरचं नाही. स्मार्ट प्लग ‘एस्प्रेसिफ’ म्हणून दिसतो, एखादा लॅपटॉप ‘होन हाय’ म्हणून. लहान कंपन्यांना पत्त्यांचे छोटे तुकडे मिळतात, तिथे पहिल्या तीन जोड्यांवरून फक्त वाटप करणाऱ्या आयईईईचंच नाव येतं.

क्वचित खरोखर दोन उपकरणांचा पत्ता एकच असतो. स्वस्त डोंगलांमध्ये कारखान्यात पत्ता न भरताच माल निघतो. लक्षण असं की दोन्ही मशिनी आळीपाळीने तुटतात. एक बंद करा. दुसरी सुरळीत झाली तर एकीचा पत्ता सेटिंग्जमधून बदला.

राउटर बदलल्यावर सगळंच नेट बंद झालं तर बघायची जागा वेगळी. काही स्थानिक केबलवाले जुन्या राउटरचा बाहेरचा पत्ता बांधून ठेवतात. त्यांना फोन करून नवा पत्ता द्या, किंवा राउटरमधल्या ‘मॅक क्लोन’मध्ये जुना घाला. जुना राउटर भंगारात देण्याआधी त्याच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा.

अभ्यासिकेत शेवटी काय केलं

परवानगी यादी काढून टाकली. जो पत्ता फोन स्वतः बदलू शकतो आणि कोणीही नकलू शकतो, त्यावर दार बांधण्यात अर्थ नव्हता. त्याऐवजी दर महिन्याच्या एक तारखेला पासवर्ड बदलतो आणि फी भरणाऱ्याला चिठ्ठीवर मिळतो. पत्ते बदलत राहिल्याने राउटरचे शंभर आयपी दुपारपर्यंत संपत होते, म्हणून आयपीची मुदत २४ तासांवरून ३ तासांवर आणली. रिपीटर काढून मागे केबलने दुसरा ॲक्सेस पॉइंट लावला. रजिस्टरात पत्त्याच्या रकान्यात आता खुर्चीचा नंबर असतो.

एक ‘होन हाय’ मात्र बरेच दिवस यादीत टिकून होता, रात्री दोन वाजतासुद्धा. काकांना शेजारच्या पोरावर संशय होता. मी एकेक वस्तू बंद करत गेलो, तर तो निघाला काकांच्याच टेबलाखालचा, दोन वर्षं शाई न भरलेला प्रिंटर.